तिसऱ्या शिंकेला गाडी पास

ज्याला थंडी सोसत नाही त्याने गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा धंदा करू नये, हे सांगायला काही मोठी अक्कल लागत नाही. स्वेटर मिस्त्रीला हे सगळ्यांनी सांगून झालं होतं. सासऱ्यांनी लग्नाआधी सांगितलं, बायकोने लग्नानंतर सांगितलं, आणि समोरच्या टपरीवाल्याने तर रोज चहाबरोबर सांगितलं. पण ऐकेल तो मिस्त्री कसला! भर उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटायला लागलं, कुत्री गटाराच्या कडेला पोट टेकून पडली, तरी हा गडी आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकरीचा स्वेटर घालून कुणाच्या तरी गाडीत डोकं खुपसून उभा.

त्या स्वेटरचा मूळ रंग कुठला, यावरून गल्लीत दोन तट होते. एक निळा म्हणायचा, एक हिरवा. खुद्द मिस्त्री विचारलं की नुसता हसायचा. उजवी बाही मनगटापर्यंत होती आणि डावी कोपराच्या अलीकडेच संपली होती. इंजिनात हात घालायला बरी पडते, असं तो म्हणे. धुवायचं नाव काढलं की मात्र त्याच्या कपाळावर आठ्या पडत. "धुवायचा नाही म्हणजे नाही," एवढंच. का, ते सांगायचा नाही. त्यामुळे कित्येक वर्षांचं ग्रीस, कित्येक गाड्यांची धूळ आणि रस्त्यावरून उडेल ती माती, सगळं त्या लोकरीत सुखाने नांदत होतं.

त्याचं दुखणं साधं होतं. गार वारा अंगाला लागला की शिंका. एक-दोन नाही, माळच. म्हणून स्वेटर. आणि आता गंमत ऐका. ज्या माणसाला गारव्याने शिंका येतात, त्याच्याइतकं गारव्याचं खात्रीचं यंत्र दुसरं कुठलं? हा शोध कुणी लावला ते कुणालाच आठवत नाही, पण गल्लीत रीतच पडून गेली होती. एसीचं काम झालं की मिस्त्री गाडीत बसणार, काचा वर करणार, बटण शेवटपर्यंत फिरवणार. बाहेर मालक, टपरीवाला आणि ज्यांना काही कामधंदा नाही असे चार जण श्वास रोखून उभे. पहिली शिंक आली की मालकाचा जीव भांड्यात पडायचा. दुसरीला टपरीवाला मान डोलवायचा. तिसरी आली की गाडी पास. लोक चक्क टाळ्या वाजवायचे. एकदा एक गिऱ्हाईक तापमान बघायची काडी घेऊन आलं, तर मिस्त्रीने ती त्याच्याच खिशात परत ठेवली. आणि एकदा कोरी करकरीत गाडी आली, तिच्यात बसून शिंकच आली नाही, तेव्हा "कंपनीनेच गॅस कमी भरलाय," असा निकाल देऊन मिस्त्री मोकळा झाला. सगळ्यांना पटलं.

आता हे सगळं शेडमध्ये ठीक आहे हो. पण शेडला लागूनच घर होतं, आणि घरात बायको होती.

मिस्त्रीची बायको शिवणकाम करायची. खिडकीजवळ मशीन, पायाखाली पायडल, मांडीवर कुणाची तरी झंपरं. आणि खिडकी बंद! कारण खिडकीतून वारा येतो. डोक्यावर पंखा होता, पण तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा नुसता बघायचा. लावला की मिस्त्री आतल्या खोलीतून शिंकायला सुरुवात करायचा, ती थांबायचं नाव नाही. फ्रिजचं दार उघडायचं तरी आधी "अहो, बाहेर जा जरा" म्हणून हाक द्यावी लागायची. बिचारी मानेवर ओला रुमाल ठेवून शिवायची. सुरुवातीला नवऱ्याची दया यायची तिला. मग दया आटली, मग तिची जागा वैतागाने घेतली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात तर तिने बोलणंच कमी केलं. बोलणारी बायको गप्प झाली की शहाण्याने घाबरावं. मिस्त्री घाबरला नाही. त्याला वाटलं, बरं झालं, शांतता आहे.

आणि एक दिवस तिने जेवताना सांगून टाकलं, "मी ताईकडे जाते. उन्हाळाभर."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. ती राहायची उंचावर, डोंगरातल्या थंड गावी. तिथे मिस्त्री लग्नानंतर एकदाही गेला नव्हता. मरायला कोण जाणार तिथे?

"जा की," मिस्त्री म्हणाला. "चार दिवस जाऊन ये."

"उन्हाळाभर म्हटलं मी. पुढचं पुढे बघू."

हे "पुढचं पुढे बघू" त्याला खटकलं. दुसऱ्या दिवशी त्याने पाहिलं, तर ती नुसत्या साड्या भरत नव्हती. तिने उशी बांधली. कात्र्या बांधल्या. आणि संध्याकाळी शिवणाचं मशीन लोखंडी स्टँडपासून सुटं करून जुन्या चादरीत गुंडाळायला घेतलं. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. उन्हाळ्यापुरती जाणारी बाई मशीन कशाला नेईल? आणि त्याने विचारलं काय, तर "पाना कुठे ठेवलाय बघितलास का माझा?" असा हा माणूस. मनात एक आणि तोंडात पाना.

तिला नेणार होता तिचा थोरला भाऊ. त्याची लाँड्री होती. मोठमोठ्या हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी, पांढरे टॉवेल, सगळं पांढरंच. ते न्यायला आणायला त्याच्याकडे सीटांच्या दोन रांगा असलेली पिकअप होती, मागे हौदा. हा दादा म्हणजे स्वच्छतेचा कहर! स्वतः पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशात छोटा ब्रश. गाडीतल्या एसीच्या जाळ्या तो जुन्या टूथब्रशने घासायचा. सीटवर रोज धुतलेली चादर. गाडीत बसायचं तर आधी बूट काढून पिशवीत घालायचे. मिस्त्रीचा स्वेटर त्याच्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा. "जावई, एकदा द्या माझ्याकडे. फुकट धुतो," असं तो दर भेटीत म्हणायचा आणि दर भेटीत मिस्त्री स्वेटर छातीशी घट्ट धरायचा.

तर झालं काय, निघायच्या दोन दिवस आधी दादाच्या पिकअपचा एसी बसला. आधी आतून खडखड, मग एक कर्कश किंकाळी, मग पट्टा जळल्याचा वास. दादाला वाटलं, चला, काचा उघड्या टाकून जाऊ. पण बहीण ऐकेना.

"इतकी वर्षं घरात उकडून घेतलं दादा, आता वाटेत उकडून घेणार नाही. एसी चालू झाला की निघू. त्याआधी नाही."

आणि घरचा मिस्त्री असताना गाडी बाहेर कोण नेणार? आली ती शेडमध्ये. मशीन आधीच मागच्या हौद्यात दोरीने बांधलेलं, उशी पुढच्या सीटवर. म्हणजे बघा, बायको सोडून जाणार त्या गाडीचा एसी नवऱ्याने दुरुस्त करायचा. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, पट्टा सैल केला, कॉम्प्रेसरची चकती हाताने फिरवून बघितली. हलेना. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप. तो बसला की पुढचं सगळं बसलं.

"गेला," मिस्त्री म्हणाला. "नवा घालावा लागेल."

"किती वेळ?" बायकोने विचारलं. ती शेडच्या तोंडाशी स्टुलावर बसली होती, मांडीवर पर्स, पायात बाहेरच्या चपला.

"काम मोठं आहे," मिस्त्री म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला जरा बरं वाटलं.

नवा कॉम्प्रेसर यायला एक दिवस लागला. तो दिवस मिस्त्रीने दुकानदाराला फोन करून "घाई नाही, सावकाश पाठवा" सांगण्यात घालवला. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडून असं ऐकून दुकानदार इतका चमकला की त्याने माणूस पाठवून माल तातडीने घरपोच दिला. नशीब म्हणतात ते हेच.

मग सुरू झालं काम. एरवी हे काम मिस्त्री झोपेतही करेल. जुना गॅस यंत्रात ओढून घेतला, दोन नळ्या सोडल्या, त्यांची तोंडं बंद केली, वायरची पिन काढली, बोल्ट खोलले. एक बोल्ट गंजून बसला होता. तो निघेना म्हटल्यावर मिस्त्री खूश. त्याला त्याने तेल पाजलं, गरम केलं, गोंजारलं, पण हातोडी काही मारली नाही.

"अहो, ठोका की एकदा," बायको म्हणाली.

"दुखावेल."

"बोल्ट?"

"धागे जातात अगं. तुला नाही कळायचं."

शेवटी बोल्टच कंटाळून निघाला. जुना कॉम्प्रेसर खालून बाहेर काढला, त्यातलं तेल मापात ओतलं. तेल राखाडी, त्यात चमचम करणारा चुरा. म्हणजे आतलं लोखंड झिजून सगळ्या नळ्यांत पसरलेलं. आता नळ्या धुवायला हव्या, इंजिनापुढची गॅस गार करणारी जाळी धुवायला हवी, ओल शोषणारा डबा नवा घालायला हवा, नाहीतर तो चुरा नव्या कॉम्प्रेसरलाही खाईल. हे अगदी खरं होतं, पण मिस्त्रीने ते असं काही सांगितलं की जणू लॉटरीच लागली. एक नळी तो इतक्या वेळा धुवायला लागला की खुद्द दादा, जो चादरी तीनदा धुतो, तो म्हणाला, "जावई, पुरे आता. नळीचा रंग जाईल."

एक मात्र मान्य करायला हवं. मिस्त्रीने वेळ काढला, पण काम वाईट केलं नाही. तसं करायला फार सोपं होतं. एक रबरी कडं जुनंच ठेवायचं, एक नट अर्धा आवळायचा, की गाडी अर्ध्या वाटेत गरम आणि बायको परत दारात. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. जुनं कडं हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता. मग त्याने ते डब्यात टाकलं, नव्याला तेलाचं बोट लावलं आणि जागेवर बसवलं. आपल्या हाताने खोटं काम होत नाही म्हटल्यावर त्याला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की तो नाक ओढायचा, तसं त्याने ओढलं.

पंप लावून नळ्यांतली हवा ओढून घेतली, मापाचा काटा हलत नाही हे बघितलं, गॅस वजनावर भरला. आता उरली ती परीक्षा.

बातमी पसरलीच होती. टपरीवाला स्टोव्ह बारीक करून आला. समोरचा न्हावी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून आला, आणि मागोमाग ते गिऱ्हाईकही आलं. मिस्त्री गाडीत चढायला लागला, तोच दादा आडवा.

"तो स्वेटर घालून? माझ्या गाडीत? मेलो तरी नाही!"

"अहो दादा, पण थंडी—"

"थंडीसाठीच तर बसताय ना? मग? आणि ती पँटपण नको. हे घ्या."

आणि दादाने लाँड्रीच्या पिशवीतून पांढरा शुभ्र लेंगा-सदरा काढला. कुणा तरी भल्या दांडग्या माणसाचा असावा. खळ इतकी कडक की सदरा दादाने सोडला तरी हवेत उभाच राहिला. मिस्त्रीला मोरीत पाठवून साबणाने मानेपर्यंत घासून यायला लावलं. तो बाहेर आला तेव्हा न्हाव्याने आधी ओळखलंच नाही. कॉलर एवढी ताठ की मान वळेना, कुणी हाक मारली की मिस्त्री कमरेतून अख्खा फिरायचा.

"मरतोय आज," टपरीवाला हळूच म्हणाला. "स्वेटर नाही अंगात. तीन काय, तीस शिंका येतील."

मिस्त्रीलाही तेच वाटत होतं. तीस शिंका, आणि मग टाळ्या, आणि मग गाडी निघणार. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. बायको शेजारी, उशी मांडीवर घेऊन. दादा मागे, बूट पिशवीत. काचा वर. बटण शेवटपर्यंत.

टक्कन आवाज करून कॉम्प्रेसर लागला आणि हवा आली. गार. मग आणखी गार. मिस्त्रीने डोळे मिटले, नाक पुढे केलं आणि तयारीत बसला. बाहेर सगळ्यांनी श्वास रोखले. न्हाव्याने तर पहिलं बोट वर करून ठेवलं होतं, मोजायला.

काही नाही.

मिस्त्रीने नाक जाळीच्या जवळ नेलं. काही नाही. नाकपुडी फेंदारून आत ओढली. थंड, स्वच्छ, साबणाचा वास असलेली हवा मेंदूपर्यंत गेली आणि तशीच परत आली. शिंकेचा पत्ता नाही.

त्याने कमरेतून वळून बायकोकडे पाहिलं. तिने डोकं मागे टेकलं होतं. कपाळावरची बट वाऱ्याने उडत होती, मानेवरचा रुमाल तिने काढून ठेवला होता, आणि चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मिस्त्री बघतच राहिला. ही अशी दिसते, हे तो साफ विसरून गेला होता. लग्नात दिसली होती अशी. हिला एवढंच हवं होतं का? नुसती गार हवा? ते बघून त्याला आनंद झाला आणि लगेच जीव तुटला, कारण ही हवा खायला ती आता दूर निघाली होती.

"झालं का?" मागून दादा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

आणि तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. शिंक नाही! शिंक नाही म्हणजे गाडी पास नाही. पास नाही म्हणजे निघायचं नाही! एका पैचीही लबाडी न करता, आपल्या नाकाच्या पुण्याईने गाडी अडकली. त्याला हसू आवरेना.

"नापास!" दार उघडून तो आनंदाने ओरडला.

"अहो जावई, नापास काय! माझे गुडघे गोठलेत!"

"रीत ती रीत, दादा. तीन शिंका. इथे एक नाही."

बाहेर मोठीच खळबळ. मिस्त्रीची शिंक चुकली! कुठे माशी शिंकली कुणास ठाऊक, पण मिस्त्री शिंकला नाही. न्हाव्याचं वर केलेलं बोट तसंच राहिलं. टपरीवाला म्हणाला, कॉम्प्रेसर नकली असेल. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक म्हणालं, गाडीला नजर लागली असेल. मिस्त्री सगळ्यांचं मान्य करत सुटला. हो, नकली असेल, हो, नजर असेल, उघडून बघायला हवं सगळं, चार-पाच दिवस तरी जातील.

"मी आलो जरा अंगात घालून," म्हणत त्याने खुंटीवरचा स्वेटर काढला. गार हवेत बसून अंग शहारलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता. मिस्त्रीने खळीच्या सदऱ्यावरून स्वेटर डोक्यातून खाली ओढला, आणि डोकं बाहेर यायच्या आत आतूनच आवाज आला.

"आक्छी!"

न्हाव्याने सवयीने बोट वर केलं. "एक."

"आक्छी! आक्छी! आ... आक्छी!"

"पास!" टपरीवाला ओरडला, आणि दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की मिस्त्री गाडीत नाही, उन्हात उभा आहे. टाळ्या विरल्या.

बायको गाडीतून उतरली. उशी सीटवर ठेवून, सावकाश. तिचे डोळे बारीक झाले होते. कापड बेतताना व्हायचे तसे.

"काढा तो," ती म्हणाली.

"अगं, पण—"

"काढा."

त्याने काढला. नाक पुसलं. सगळे थांबले. शिंक नाही.

"घाला."

घातला. "आक्छी!"

"काढा."

काढला. शांत.

"आता गाडीत बसा. काच वर. नाक जाळीला लावा."

बसला, लावलं. काही नाही. परत बाहेर, परत स्वेटर, परत शिंका. चार फेऱ्या झाल्या. दादाला राहवेना. "मी बघू का?" म्हणत त्याने दोन बोटांच्या चिमटीत स्वेटर धरला, दुरूनच हुंगला, आणि आपल्या पांढऱ्या शर्टावर अशी काही शिंक दिली की खिशातला ब्रश उडून पडला. बायकोने स्वेटर हिसकावून घेतला आणि शेडच्या खांबावर एकदा आपटला. धुळीचा ढग उठला. त्या ढगात टपरीवाला शिंकला, न्हावी शिंकला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तर खाली बसून शिंकलं.

आणि मग बायको बोलली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम.

"धूळ! थंडी नाही, वारा नाही, धूळ! जगाच्या गाड्यांच्या जाळ्यांत धूळ, घर बंद म्हणून घरात धूळ, पंख्यावर धूळ, आणि ह्या लक्तरात तर अख्ख्या रस्त्याची धूळ! थंडी वाजू नये म्हणून जे घालता त्यानेच शिंकता, आणि शिंकता म्हणून तेच घालता! आणि मी? मी ह्याच्यापायी वर्षानुवर्षं खिडकी लावून शिवत बसले! घामाने सुया गंजल्या माझ्या! फ्रिज उघडायला तुमची परवानगी! अहो, अंगाची आग आग होत होती आणि मी पंख्याकडे बघत झोपत होते, बघत!"

तिचे डोळे भरून आले. गल्ली खाली बघायला लागली.

"एकदा, एकदा धुतला असता तर? का नाही धुवायचा? काय सोनं आहे त्यात?"

मिस्त्रीने स्वेटरकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे.

"तू विणलास," तो म्हणाला. "लग्नानंतर. पहिल्यांदा धुतला तेव्हा डावी बाही आखडली. तू किती रडलीस. रात्रभर. तेव्हा मी ठरवलं, परत पाणी लावायचं नाही ह्याला."

बायकोचं तोंड उघडं राहिलं. ती विसरूनच गेली होती. तिने त्या आखडलेल्या बाहीचे टाके बघितले. तिचेच होते, नवखे, वाकडे.

"मूर्ख आहात तुम्ही," ती म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. मग तिने पदराने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. "बरं. शिंकांचं सोडा आता. काम तुम्ही केलंय. गाडी झाली की नाही, तेवढं सांगा."

सगळे मिस्त्रीकडे बघायला लागले. त्याला एकच शब्द बोलायचा होता. नाही झाली. गॅस कमी आहे, कॉम्प्रेसर सदोष आहे, काहीही. मापाचे काटे त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हते. मशीन हौद्यातून उतरलं असतं, बायको घरी आली असती. त्याने काट्यांकडे पाहिलं. दोन्ही काटे जिथे हवे तिथेच स्थिर. नळीवर दवाचे थेंब जमले होते. इतकं सुरेख काम त्याने कित्येक दिवसांत केलं नव्हतं.

"झाली," तो म्हणाला. "पास आहे. ताईच्या गावापर्यंत काय, पार पुढेही गार राहील."

"मग निघते मी."

ती वळली. गाडीत चढली. उशी मांडीवर घेतली. दादा बूट पिशवीत घालायला लागला. मिस्त्री खळीच्या सदऱ्यात खांबासारखा उभा होता. तोंड उघडत होता, मिटत होता. टपरीवाल्याच्या तर मनात आलं, आता हा पान्याबद्दल विचारणार.

"जाऊ नकोस," मिस्त्री म्हणाला.

इतक्या मोठ्यांदा म्हणाला की न्हाव्याने दचकून वस्तरा मागे लपवला.

"जाऊ नकोस गं. पंखा लावतो. खिडकी उघडतो. सगळं घर धुतो, मीच धुतो. तुझ्याशिवाय मला नाही जमायचं. मशीन बांधायला घेतलंस तेव्हापासून मला जेवण जात नाहीये. जाऊ नकोस."

ऐन दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर! मिस्त्रीच्या तोंडून इतके शब्द सलग कुणी ऐकले नव्हते, नट-बोल्ट नसलेले तर कधीच नाही. त्याचे कान लाल झाले. पण शब्द परत घ्यायला तो गेला नाही. दादा एक बूट हातात धरून तसाच थिजला होता.

बायको समोरच्या काचेतून बघत होती. मग हळूच म्हणाली, "एवढं एक वाक्य बोलायला तुम्हाला अख्खा कॉम्प्रेसर बदलावा लागला?"

मिस्त्रीने मान खाली घालायचा प्रयत्न केला, पण कॉलरने घालू दिली नाही.

"दादा," ती म्हणाली, "मशीन उतरव."

"मी? ह्या कपड्यांत?" दादा कळवळला, पण न्हावी आणि टपरीवाला आधीच हौद्यावर चढून दोरी सोडायला लागले होते. ती मात्र जागची हलली नाही. तिने उशी मागे फेकली आणि ड्रायव्हरच्या सीटवर हाताने थाप मारली.

"तुम्ही घर पुसून पंखा लावेपर्यंत मी इथून उठत नाही. पण ते जरा वेळाने. आता काय असे उभे? बसा इकडे."

मिस्त्री लेंगा सावरत चढला आणि बसला. हात मांडीवर ठेवून तो समोरच्या जाळीकडे बघत राहिला.

"दार लावा ना," बायको म्हणाली. "गार हवा बाहेर जातेय."